पांदण तीनदा मोकळी झाली

प्रति,
मराठवाड्यातल्या आठही जिल्ह्यांचे जिल्हाधिकारी

विषय : मोकळ्या केलेल्या पांदण रस्त्यांची दोन खरिपांनंतर पुन्हा पाहणी करणेबाबत

महोदया, महोदय,

नमस्कार. आमच्या गावची एक पांदण, म्हणजे रानात जायची वाट, आजवर तीनदा मोकळी झाली आहे. तिन्ही वेळा जेसीबीला हार घातला, नारळ फोडला, फोटो निघाले. तिसऱ्या वेळचा फोटो माझ्याकडं आहे. त्यात मी स्वतः उभा आहे, टोपी घालून, जेसीबीच्या बकेटाला हात लावून. पांदण सव्वा किलोमीटरची. म्हणजे कुठल्या ना कुठल्या अहवालात आमच्या एका पांदणीची पावणेचार किलोमीटर झाली असणार. शिवारात मात्र आज तिच्यावरून ट्रॅक्टर जात नाही. मारुतीच्या देवळापासून पहिले चारशे मीटर ठीक आहेत. पुढं दोन्ही बाजूंच्या नांगरांनी तिला इतकं कुरतडलंय की बैलगाडीचं एक चाक वाटेत आणि दुसरं तुरीत चालतं. त्याच्या पुढं सगळा ओढाच.

मी लातूर जिल्ह्यातला कोरडवाहू शेतकरी. साडेपाच एकर रान, काळं, खोल. २००७ साली आर. आर. आबांनी तंटामुक्त गाव मोहीम काढली, तेव्हापासून काही वर्षं मी गावच्या समितीवर होतो. आम्हाला वाटलं होतं, दारूची भांडणं येतील, नवरा-बायकोची येतील, उसनवारीची येतील. तीही आली. पण पोत्यानं आली ती बांधाची आणि वाटेची. समितीचं बस्तान बसलं, बक्षीसही मिळालं, गाव तंटामुक्त म्हणून पाटी लागली, आणि पाटीखालून वाट अडवल्याची दोन प्रकरणं त्याच महिन्यात तहसीलला गेली. असो.

आठ जणांना मिळून एकच पत्र लिहायचं कारण असं की हे एका तालुक्याचं गाऱ्हाणं नाही. माझे पाहुणे परभणीत आहेत, धाराशिवला आहेत, एक मेहुणा हिंगोलीकडं. लग्नाच्या मांडवात बसलो की चौथं-पाचवं वाक्य वाटेवर येतं. शेतरस्ते मोकळे करण्याच्या मोहिमा तुमच्या सहीनं निघतात, जिल्हा नियोजन समितीचे सदस्य सचिव तुम्ही असता, आणि वाटेची भांडणं वर वर जात शेवटी तुमच्याच कार्यालयात येतात. म्हणून तुम्हालाच.

आधी शब्दाचं. सरकारी कागदावर ‘पाणंद’ लिहितात, आम्ही पांदण म्हणतो. पाणंद या शब्दात पाणी आहे की नाही ते भाषेच्या जाणकारांनी ठरवावं. आमच्या पांदणीत असतं, जूनपासून दिवाळीपर्यंत. आणि माझं सगळं म्हणणं या पाण्यापासूनच सुरू होतं, कारण वाटेची भांडणं हावरटपणामुळं होतात असं जे तहसीलात आणि पेपरात मानलं जातं, ते अर्धंच खरं आहे.

काळ्या रानातली वाट कशी मरते ते सांगतो. चिकण काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा टाकते. गाडीच्या चाकानं चाकोरी पडते. पावसाचं पाणी चाकोरी धरतं आणि माती घेऊन खाली जातं. शेतकरी आपल्या रानाला बांध घालतो, ताली भरतो, माती राखतो. वाटेला कोण ताल घालणार? दरसाल बोटभर म्हटलं तरी माझ्या आज्यापासून माझ्यापर्यंत वाट कमरेएवढी खाली गेली आणि रान वरच राहिलं. मग दोन्हीकडच्या रानांचं पाणी वाटेतच उतरतं. आता ती वाट राहिली नाही, नाला झाली. नाल्यातून गाडी जात नाही, म्हणून मागचा शेतकरी वाट सोडून कडेच्या रानातून जातो. ज्याचं रान तुडवलं जातं तो बोराट्या, म्हणजे बोरीच्या काटेरी फांद्या, आडव्या टाकतो. दुसऱ्या वर्षी तो विचार करतो, एवीतेवी वाट बंदच आहे, नांगराच्या दोन ओळी, म्हणजे दोन तासं, जास्त घालू. तिसऱ्या वर्षी वाट राहिलीच कुठं? इथं तुमच्याकडं अर्ज येतो, आणि अर्जात पाण्याचं नावसुद्धा नसतं. ‘प्रतिवादी यांनी जाणीवपूर्वक रस्ता अडविला आहे’ एवढंच असतं.

मग मोहीम येते. जेसीबी काय करतो, तर खाली गेलेली वाट आणखी खरवडतो, आणि निघालेली माती दोन्ही अंगांना ढिगानं लावतो. दिसायला वाट लांबरुंद दिसते, फोटोत तर फारच छान येते. मृगाचे दोन पाऊस पडले की ढीग परत वाटेत. आमची पांदण तिन्ही वेळा अशीच मोकळी झाली आणि अशीच बुजली. तिन्ही वेळा मुरूम ‘पुढच्या टप्प्यात’ होता.

बहात्तरच्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जायची. त्या कामावर झालेला एक रस्ता आमच्या शिवाराच्या उत्तरेला अजून आहे. त्यावर डांबर कधी पडलं नाही. पण खाली मोठ्या दगडांची सोलिंग आहे, कडेला नाली आहे, आणि ओढ्याच्या जागी दगडी मोरी आहे. भाकरीसाठी आलेल्या बायामाणसांनी हातानं केलेलं काम पन्नास वर्षांनीही चालू आहे. त्या रस्त्यावर वाटेचं एकही भांडण मी ऐकलेलं नाही. तिथली माणसं काही वेगळ्या मातीची नाहीत, आमचीच भावकी आहे.

२०२५ चा सप्टेंबर तुम्हाला आठवत असेल. मांजरा, तेरणा, सीना, गोदावरी, सगळ्याच फुगल्या होत्या. आमचं गाव नदीपासून लांब, घरात पाणी शिरलं नाही. सोयाबीन कापून गंजी लावली होती, वर ताडपत्री. मळणी यंत्र मारुतीपाशी येऊन थांबलं, पुढं जाईना. आज जाईल, उद्या जाईल करत सोळा दिवस गेले. गंजीच्या तळाला कोंब फुटले. शेवटी जी मळणी झाली तिचे कट्टे डोक्यावर वाहून मारुतीपर्यंत आणले. पन्नास कट्टे, कट्ट्याला चाळीस रुपये मजुरी, झाले दोन हजार. ते जाऊ द्या. माल आडतीवर गेला तेव्हा ओलावा आणि काळा दाणा दाखवून भाव पडला तो वेगळा. त्या वर्षी हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल होता. माझा माल गेला ३,६०० ला. खरडून गेलेल्या जमिनीचे पंचनामे आमच्या गावात झाले, ते चांगलंच झालं. वाटेचा पंचनामा कुणी केला नाही.

आता उलटा हिशेब करू. हा हिशेब मी समितीत असताना पाटीवर खडूनं मांडायचो. मोजणीची साखळी तेहतीस फुटांची. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर, हे आमच्या पिढीला पाठ आहे. तीन मीटरची वाट करायची म्हणजे दोन्ही बाजूंनी दीड दीड मीटर. ज्याचं रान वाटेला शंभर मीटर लागतं त्याचं दीडशे चौरस मीटर जातं, म्हणजे दीड गुंठ्याला थोडं कमी. एकरी आठ क्विंटल सोयाबीन धरलं तर गुंठ्याला वीस किलो, दीड गुंठ्याला तीस किलो. हमीभावानं सोळाशे रुपये, तेही खर्च न वजा करता. त्या एका पावसाळ्यात माझं यापेक्षा कितीतरी जास्त गेलं, आणि माझ्यासारखे त्या पांदणीवर चौदा जण आहेत.

पाटीवर हिशेब पटतो. मान हलवतात. घरी जाऊन नांगर तिथंच घालतात. का? हे कळायला मला बरीच वर्षं लागली. पांदणीवरचा तोटा आणि फायदा सारखा वाटलेला नसतो. गावाजवळ ज्याचं रान आहे त्याला वाटेची गरजच नाही, तो मारुतीपासून चालत दोन मिनिटांत वावरात. पण वाट त्याच्या उभ्या रानाच्या कडेनं जाते, जमीन त्याची जाते, धूळ त्याच्या पिकावर बसते, दुसऱ्यांचे बैल त्याच्या तुरीला तोंड लावतात. शेवटच्या टोकाला ज्याचं रान आहे त्याची एक फूट जमीन जात नाही, आणि सगळा फायदा त्याचा. वरून हा शेवटचाच तहसीलला अर्ज करतो आणि पहिल्याला आरोपी करतो. पहिला कसा ऐकेल? आम्ही दुसऱ्या एका वाटेवर असं केलं की टोकाच्या पाच जणांनी मुरमाचे पैसे भरले, पहिल्या चौघांकडून रुपया घेतला नाही, उलट त्यांच्या बाजूला तारेचं कुंपण टोकाच्यांनीच घालून दिलं. ती वाट चालू आहे. भांडणाऱ्यांना शहाणपण शिकवण्यापेक्षा त्यांच्या बाजूनं तार ओढणं स्वस्त पडतं.

एक गोष्ट कबूल केली पाहिजे, नाहीतर हे पत्र खोटं ठरेल. आमच्या गटाच्या कडेनं जी वाट जाते ती माझ्या वडिलांनी खाल्लेली आहे. दरसाल एक तास. मी औतामागं होतो, मला दिसत होतं. ते म्हणायचे, पलीकडच्यानं त्याच्या बाजूनं खाल्लीच आहे, आपण काय मूर्ख का? पलीकडचेही त्यांच्या पोराला हेच सांगत असणार. मी २०१० नंतर आमच्या बाजूची दोन तासं सोडली. पलीकडच्यानं सोडली नाहीत. आणि गंमत म्हणजे मी सोडलेल्या जागेत त्यानंच गेल्या साली कडबा रचला.

या ‘कुणी किती खाल्ली’चं उत्तर माणसाला विचारून मिळत नाही, ते कागदात आणि मोजणीत आहे. आणि मराठवाड्यात कागद हाच मोठा घोळ. आपण १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतो. मोजणी त्यांच्या काळची, साल फसली, कागद उर्दूत नाहीतर मोडीत. माझ्या आज्याच्या नावचा एक कागद मी लोखंडी पेटीत जपून ठेवलाय. तो वाचणारे एक म्हातारे गृहस्थ होते, तेही आता नाहीत. पुढं एकत्रीकरण आलं, सर्वे नंबर जाऊन गट नंबर आले, चार तुकड्यांचा एक गट झाला, आणि पूर्वी दोन सर्वे नंबरांच्या मधून जाणारी वाट अचानक एकाच गटाच्या पोटात आली. तिथला मालक म्हणतो, माझा गट सलग आहे, वाट दाखवा कुठं आहे. तो खोटं बोलत नाही. त्याच्या सातबाऱ्यात खरंच काही नाही.

तुमच्या माणसांना माहीत आहे, शेतकऱ्यांना माहीत नसतं, म्हणून इथं लिहितो: वाटा तीन जातींच्या असतात. पहिली गावनकाशावरची, तुटक दुहेरी रेघेची गाडीवाट किंवा एकेरी तुटक रेघेची पाऊलवाट. ती सार्वजनिक. दुसरी वहिवाटीची, नकाशावर नसलेली पण वाडवडिलांपासून चालत आलेली. ती कुणी अडवली तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली दाद मागायची, तीही अडवल्यापासून सहा महिन्यांत. तिसरी, जिथं वाटच नव्हती तिथं बांधावरून मागायची, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खाली. आता शेतकऱ्याचं साल बघा. अडवणारा वैशाखात नांगर घालतो. अडलेला म्हणतो, पेरणी होऊ दे. मग म्हणतो, सुगी होऊ दे. कार्तिकात मोकळा होऊन तो तालुक्याला वकिलाकडं जातो तोवर सहा महिने सरलेले. वकील मग त्याच वहिवाटीच्या वाटेचं प्रकरण १४३ मध्ये घालतो, म्हणजे जी वाट होती ती ‘नव्यानं द्यावी’ असं मागतो. समोरचा वकील म्हणतो, बघा, यांनीच कबूल केलं की वाट नव्हती. मी स्वतः हे पाहिलंय, तारखेला साक्षीदार म्हणून जाऊन.

आणि आदेश झाला तरी काय? तहसीलदारांनी वाट दिली, एसडीओ (प्रांत) साहेबांकडं अपील, स्थगिती, तारीख, तारीख. एक आदेश तर आमच्या गावात असा आहे की अर्ज केला तेव्हा अर्जदाराकडं बैलजोडी होती आणि निकाल लागला तेव्हा ट्रॅक्टर. आदेशातली वाट बैलगाडीपुरती.

मे २०२५ मध्ये शासनानं ठरवलं की शेतरस्ता शक्यतो तीन ते चार मीटरचा असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात घ्यावी. माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांतला हा सगळ्यात कामाचा निर्णय आहे, जेसीबीच्या दहा मोहिमांपेक्षा मोठा. कारण सातबाऱ्यावर आलं की जमीन विकत घेणाऱ्यालाही दिसतं, बँकेलाही दिसतं, आणि पुढच्या पिढीतल्या भावालाही. म्हणूनच विनंती आहे की यात कंजुषी करू नका. आदेश झाला, सातबाऱ्यावर फेरफाराची नोंद झाली नाही, तर आदेश म्हणजे वहीतला कागद.

आता वाटणीचं. यावर कुणी फारसं बोलत नाही आणि नव्या भांडणांचं बी इथंच पेरलं जातं. आमच्याकडं रान साधारण उताराचं. वरच्या अंगाला मुरमाड, हलकं, आणि खाली ओढ्याकडं काळं, भारी. बाप गेला की भाऊ रान दोन तऱ्हांनी वाटतात. उभी वाटणी केली तर प्रत्येकाला थोडं हलकं, थोडं भारी मिळतं, सगळ्यांचं तोंड वाटेला लागतं, पण पट्ट्या इतक्या अरुंद की ट्रॅक्टर वळत नाही. आडवी वाटणी केली तर तुकडे चौकोनी, औताला सोपे, पण मागच्या भावाला वाट नाही. आज्याच्या काळात सगळे उभीच करायचे. ट्रॅक्टर आल्यापासून आडवी वाढली. वाटणीच्या दिवशी मोठा भाऊ म्हणतो, अरे, माझ्या रानातनं जा की, वाट कशाला लिहायची, आपण काय परके आहोत? धाकटा लाजून गप्प बसतो. दोघं भाऊ जिवंत आहेत तोवर ठीक. त्यांची पोरं परकी होतात.

आमच्या गल्लीतली एक वहिनी आहे. नवरा गेला, दोन एकर तिच्या नावावर आली, आडव्या वाटणीतली मागची. दिरानं वाट बंद केली नाही, तो सज्जन आहे असं तोच सांगतो. फक्त वाटेत पाइपलाइन टाकली, नंतर शेवग्याची रांग लावली, नंतर म्हशीचा गोठा. बाई आता पलीकडच्या शिवारातून, तीन बांध ओलांडून जाते, खताचं पोतं डोक्यावर घेऊन. तिला विचारलं, अर्ज का करत नाहीस? म्हणाली, भाऊजी, अर्ज केला तर पोरीच्या लग्नात कोण उभं राहील? या प्रश्नावर कलम १४३ मध्ये काही नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की संहितेच्या कलम ८५ खाली जे वाटपाचे आदेश तहसीलातून निघतात, त्यात प्रत्येक तुकड्याला वाट कुठून, किती रुंद, हे लिहिल्याशिवाय आणि कच्च्या नकाशावर रेघ मारल्याशिवाय आदेशावर सही होऊ नये. घराच्या वाटणीत जिना कुणाचा, संडास कुणाचा हे लिहितातच ना? भाऊ त्या दिवशी एकत्र बसलेले असतात, जेवण एका पंगतीत असतं, तेव्हा रेघ फुकट पडते. वीस वर्षांनी त्याच रेघेला वकील लागतो. २०२३ पासून जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे विकता येणारा लहानात लहान तुकडा, २० गुंठे आणि बागायतीचं १० गुंठे झालंय, म्हणजे लहान तुकडे कायद्यानं विकता येतात. गरजवंताच्या सोयीचं आहे, माझी तक्रार नाही. पण प्रत्येक नव्या तुकड्याला एक तोंड लागतं, हे कुणीतरी मोजलं पाहिजे.

एक छोटी गोष्ट, पण सांगून टाकतो. जलयुक्त शिवारच्या कामांत नाले खोल-रुंद झाले, पाणी मुरलं, विहिरींना फरक पडला, मी नाही म्हणणार नाही. पण जिथं पूर्वी उतरून पलीकडं जाता यायचं तिथं आता बारा फुटांचा खड्डा आहे. नाला खोदणाऱ्यांच्या नकाशात पाणी होतं, वाट नव्हती. चार सिमेंटचे पाइप टाकून मोरी केली असती तर दोन्ही झालं असतं.

मोठ्या रस्त्यांबद्दल थोडक्यात. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जालना आणि छत्रपती संभाजीनगरातून गेला. पवनार ते पत्रादेवी असा शक्तिपीठ महामार्ग प्रस्तावित आहे, मराठवाड्यातल्या बऱ्याच जिल्ह्यांतून. तो हवा की नको यावर माझं मत आहे, पण ते या पत्रात घालत नाही. एवढंच सांगतो की असल्या रस्त्याला कुठूनही चढता-उतरता येत नाही. तो शिवारातून गेला की ज्या पांदणी कापतो, त्यांची दोन्ही टोकं तुटतात. संयुक्त मोजणीला ड्रोन येतो, झाडं मोजतात, विहिरी मोजतात, पत्र्याचं शेडसुद्धा मोजतात. वहिवाटीची वाट मोजत नाहीत, कारण ती कुणाच्या सातबाऱ्यावर नसते. मोबदला मिळालेला शेतकरी हायवेच्या अल्याड आणि त्याचं उरलेलं दीड एकर पल्याड, असं व्हायच्या आधी त्या वाटा नकाशावर आणा. नंतर खालून बोगदा मागायला गेलं की उत्तर ठरलेलं असतं, डिझाइन फायनल झालंय.

मागणं काय आहे ते आता सरळ लिहितो. मोहीम घ्यायचीच तर होळी झाल्यावर घ्या आणि मृगाच्या आधी संपवा. तेव्हा रानं रिकामी असतात, उभ्या पिकातून वाट काढल्याची ओरड होत नाही, आणि जुन्या मोजणीच्या टिपणावरून, रोव्हर या मोजणीच्या यंत्रानं मोजायला माणूस कुठंही उभा राहू शकतो. जेसीबीच्या आधी मोजणीवाला येऊ द्या. मोजलं की त्याच दिवशी दोन्ही कडेला दगड रोवा, नुसता चुना नको. चुना पावसात जातो आणि दगड उपटायला रात्र लागते, दोन माणसं लागतात, गावात कळतं. नंतर नाली, मोरी आणि मग मुरूम, या क्रमानं. पैसे कमी असतील तर पाच किलोमीटर खरवडण्यापेक्षा एकच किलोमीटर पुरी करा. रोजगार हमीतून करायचं म्हटलं की मजुरीचे साठ आणि साहित्याचे चाळीस हे प्रमाण आडवं येतं, काळ्या रानात तर मुरूम आणि पाइप यांचाच खर्च मोठा, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यातून मार्ग कसा काढायचा ते तुम्ही ठरवा, जिल्हा नियोजनाचा निधी तुमच्या हातात आहे.

आणि अहवालाचा तक्ता बदला. आज तक्त्यात एकच आकडा असतो, यंदा किती किलोमीटर मोकळे केले. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना टाका: दोन वर्षांपूर्वी मोकळे केलेल्यांपैकी आज किती चालू. हा रकाना भरायला तलाठ्यानं ऑफिसात बसून चालणार नाही, आणि तोही बिचारा तीन-तीन सज्जे, म्हणजे गावांचे गट, सांभाळतो, म्हणून गावातल्याच दोन पोरांना मोबाईल घेऊन पाठवा, सुरुवातीचा आणि शेवटाचा फोटो तारखेसह काढू द्या. आमची पांदण तीनदा मोकळी झाली म्हणून तीनदा लिहिली गेली असेल. या रकान्यात ती एकदाही येणार नाही. निदान तेवढं तरी कळेल.

तुमच्यापैकी कुणाला खरंच बघायचं असेल तर येळवशीला येऊ नका. वेळअमावस्येला सगळं गाव रानात असतं, आंबील असते, भज्जी असते, उंडे असतात, तुम्हाला आग्रहानं जेवू घालतील, पण तेव्हा वाट कोरडी ठणठणीत असते आणि तुमचा गैरसमज होईल. आश्विनात या, सोयाबीन काढणीला, हस्ताचा पाऊस पडून दोन दिवस झाले असतील अशा बेतानं. गाडी मारुतीच्या पारापाशी लावावी लागेल. पुढं चारशे मीटर बुटावर चालता येईल, नंतर बूट हातात. काठी मी आणतो. ओढा ओलांडून पलीकडं वर चढलं की डाव्या हाताला जे रान लागेल ते त्या वहिनीचं, तिच्याकडं पाणी मागा.

आपला,
लातूर जिल्ह्यातला एक कोरडवाहू शेतकरी